लॅक्स्टन
इंग्लंडमधील मध्ययुगीन खुल्या शेतीपद्धतीसाठी प्रसिद्ध असलेले एक लहान खेडे. ते नॉटिंगॅमशर परगण्यात, नॉटिंगॅम शहराच्या ईशान्येस सु. ३२ किमी. वर वसले आहे. एके काळी मध्य इंग्लंडमधील बहुसंख्य खेड्यांत रूढ असलेली, तीन शिवारांच्या फेरपालटीची सामुदायिक शेती आणि तिचे नियमन करणारे जहागिरीचे न्यायालय या दोन्ही गोष्टी एकत्र टिकून राहिल्यामुळे यूरोपच्या कृषी-इतिहासात लॅक्स्टनला महत्त्वाचे स्थान लाभले आहे.

डूम्सडे बुक (१०८६) या महसुली पाहणीत लॅक्स्टनचा उल्लेख आढळतो. नॉर्मन विजयापूर्वी (१०६६) हे गाव टोकी नावाच्या सरदाराकडे होते. विजयानंतर ते जेफ्री ॲल्सलिन या नॉर्मन सरदाराला मिळाले. पुढे ते द कॉ व त्यानंतर विवाहसंबंधाने द एव्हरिंगम या घराण्यांकडे आले. शेरवुड या राजवनाचे वंशपरंपरागत रक्षकपद या घराण्यांकडे असल्याने मध्ययुगात गावास विशेष प्रतिष्ठा होती. गावाच्या उत्तरेस नॉर्मन किल्ल्याचे अवशेष आहेत. तेथील बांधकाम नष्ट झाले असले, तरी मातीची उंच टेकडी, तिच्या पायथ्याचे आवार आणि भोवतालचे खंदक अद्यापि स्पष्ट दिसतात. गावातील सेंट मायकेल चर्च मध्ययुगीन असून एकोणिसाव्या शतकात त्याचा मोठा जीर्णोद्धार झाला. त्यात एव्हरिंगम घराण्यातील व्यक्तींच्या शयनमूर्ती आहेत. त्यांपैकी ॲडम द एव्हरिंगमच्या दुसऱ्या पत्नीची मूर्ती ओक लाकडाची असून अशा काष्ठमूर्ती इंग्लंडमध्ये फारच थोड्या उरल्या आहेत.

तथापि लॅक्स्टनचा खरा वारसा त्याच्या शिवारात आहे. मध्ययुगीन पद्धतीत शेतकऱ्याची जमीन एकसंध नसे. ती लांबट, अरुंद पट्ट्यांच्या रूपाने सर्व शिवारांत विखुरलेली असे. त्यामुळे चांगली व हलकी जमीन सर्वांच्या वाट्यास येई. पट्ट्यांना कुंपण नसल्याने सर्वांना एकाच शिवारात एकाच हंगामाचे पीक घ्यावे लागे. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंत ऋतूतील पीक आणि तिसरे पडीत, असा क्रम दर तीन वर्षांनी पूर्ण होई. कापणीनंतर व पडीत काळात शिवार गुरांच्या सामाईक चराईसाठी मोकळे असे. लॅक्स्टनमध्ये वेस्ट फील्ड, मिल फील्ड व साउथ फील्ड ही तीन शिवारे आजही याच क्रमाने कसली जातात. मात्र पडीत शिवारात आता चाऱ्याचे पीक घेतले जाते. शेतकऱ्यांची घरे शेतावर नसून गावठाणात रस्त्यालगत आहेत आणि त्यांच्यामागे अरुंद, लांब परडी आहेत. भटक्या गुरांसाठीचा जुना कोंडवाडाही गावात आहे.

या व्यवस्थेचे सविस्तर चित्र मार्क पिअर्स याने १६३५ मध्ये तयार केलेल्या नकाशात मिळते. गावातील प्रत्येक पट्टा दाखविणारा हा नकाशा ऑक्सफर्ड येथील बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यावर नांगरणी, कापणी व शिकार यांची लहान चित्रेही रेखाटली आहेत. नकाशा करवून घेणारा जमीनमालक सर विल्यम कोर्टेन हा लंडनचा धनाढ्य व्यापारी होता. त्याच वर्षी त्याच्या मंडळाला पहिल्या चार्ल्सकडून पूर्वेकडील व्यापाराचा परवाना मिळाला आणि १६३६ मध्ये मंडळाची जहाजे गोव्यास आली.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांन्वये इंग्लंडमधील खुली शिवारे कुंपणबंद झाली. जमिनी एकत्र आल्याने उत्पादन वाढले. परंतु सामाईक चराईचे हक्क गेल्याने अनेक लहान शेतकरी व मजूर निराधार झाले. लॅक्स्टनमध्येही काही क्षेत्र कुंपणबंद झाले. पण अर्ल मॅन्व्हर्स व अर्ल ऑफ स्कारबरो यांच्यात मालकी विभागलेली असल्याने संपूर्ण कुंपणबंदी घडून आली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पट्टे एकत्र करून त्यांची संख्या घटविण्यात आली, तरी मूळ पद्धत कायम राहिली. सी. एस. ऑर्विन व त्यांच्या पत्नी यांच्या द ओपन फील्ड्‌स (१९३८) या ग्रंथामुळे अभ्यासकांचे लक्ष लॅक्स्टनकडे वेधले गेले.

शिवाराचे नियमन ‘कोर्ट लीट’ हे न्यायालय करते. नोव्हेंबरच्या अखेरीस गावातील शेतकऱ्यांचीच ज्यूरी गव्हाच्या शिवाराची पाहणी करते, हद्दीच्या खुंट्या ठोकते आणि कोणी शेजाऱ्याच्या पट्ट्यात किंवा रस्त्यात नांगर घातला असल्यास त्याची नोंद घेते. आठवड्याने न्यायालय भरते व दंड आकारला जातो. ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस ॲक्ट (१९७७) या कायद्याने अशा बहुतेक प्राचीन न्यायालयांचे अधिकार संपुष्टात आणले. लॅक्स्टनचे अधिकार मात्र अबाधित ठेवले. शिवारांतील न नांगरलेल्या गवताळ पट्ट्यांना ‘साइक’ म्हणतात. त्यांवरील गवताचा दरवर्षी लिलाव होतो. रानफुलांच्या विविधतेमुळे या पट्ट्यांना संरक्षण मिळाले आहे.

अर्ल मॅन्व्हर्सने १९५२ मध्ये ही जमीन कृषी मंत्रालयास विकली. पुढे मंत्रालयाने ती विकावयास काढली, तेव्हा या पद्धतीच्या भवितव्याविषयी चिंता निर्माण झाली. अखेर १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली. २०२० मध्ये ती मॅन्व्हर्सच्या वारसांशी निगडित असलेल्या थोर्झबी इस्टेटकडे परत आली. मात्र लॅक्स्टनचे जतन केवळ मालकाच्या इच्छेवर अवलंबून नाही. यंत्रांना सोयीची नसलेली विखुरलेली जमीन कसण्यास तयार असणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या घटली आहे. किल्ल्याचे किंवा चर्चचे रक्षण कायद्याने करता येते. परंतु ही पद्धत शेतकरी ती प्रत्यक्ष आचरतील, तोवरच जिवंत राहील.