निळ्या पेटीची कुळकथा

डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवून आज कुणी आग विझवायला शिकतं, तर कुणी अत्यवस्थ रुग्णाला सावरायला. समोरचा व्हॉल्व्ह चुकीच्या क्रमाने फिरवला की गजर होतो आणि ती चूक नोंदली जाते. शिकणाऱ्याने काही करावं, यंत्राने त्याला उत्तर द्यावं आणि दोन्हींची नोंद राहावी, ही मांडणी संगणकाहून जुनी आहे. तिचं मूळ न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी, ऑर्गनच्या एका कारखान्यात सापडतं.

त्याआधीही प्रयत्न झाले होते. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये अँत्वानेत विमानाच्या शिकाऊ वैमानिकांना पिंपाच्या दोन अर्धुकांवर बसवत. मदतनीस ते पिंप हातांनी कलवत आणि शिकाऊने समोरची दांडी क्षितिजाशी जुळवायची. अडचण उभी करायला माणसंच लागत. यंत्र स्वतःहून काही करत नसे.

एडविन लिंक यांनी ही उणीव भरून काढली. वडिलांचा कारखाना पियानो आणि ऑर्गनचा. मुलाला वेड विमानाचं. उड्डाणाचे धडे फार महाग होते, म्हणून जमिनीवरच शिकवणारं विमान करायचं त्यांनी ठरवलं. कारखान्याच्या तळघरात बसून त्यांनी ऑर्गनचेच भाते, झडपा आणि हवा ओढणारा पंप वापरला. मराठी संगीत नाटकांतल्या ऑर्गनमध्ये भात्याच्या जोरावर सूर निघत, तसं इथे भात्याच्या जोरावर लाकडी विमान हलू लागलं. दांडा एका बाजूला झुकवला की एका भात्यातली हवा कमी होई, समोरचा फुगे आणि विमान कलंडे. १९२९ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पण विमानशाळांनी फारसा रस दाखवला नाही. बरीच यंत्रं करमणुकीच्या बागांत गेली. नाणं टाकायचं आणि चक्कर मारायची.

१९३४ मध्ये चित्र पालटलं. अमेरिकेत टपाल वाहण्याचं काम अचानक लष्करी वैमानिकांवर आलं. धुक्यात आणि हिमवादळात केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचा सराव त्यांना नव्हता. काही आठवड्यांतच दहाहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी लष्कराने लिंक यांच्याकडून सहा यंत्रं घेतली, प्रत्येकी ३,५०० डॉलरना. पुढे दुसऱ्या महायुद्धात अशी सुमारे १०,००० यंत्रं तयार झाली आणि पाच लाखांवर वैमानिक त्यांत शिकले. रंगावरून सैनिक त्याला ‘निळी पेटी’ म्हणत.

या पेटीत बाहेरचं दृश्य नव्हतंच. झाकण लावलं की आत अंधार, समोर उपकरणांचे काटे आणि कानांवर रेडिओचे संकेत. सगळी करामत शेजारच्या टेबलावर होती. तिथे बसलेला शिक्षक वाऱ्याची दिशा बदली, रेडिओचे संकेत पाठवी. त्याच्यासमोरच्या नकाशावर तीन चाकांचं एक छोटं यंत्र सरकत असे. त्याला ‘खेकडा’ म्हणत. आतला शिकाऊ जसा उडे, तशी खेकडा नकाशावर शाईची रेघ ओढी. झाकण उघडल्यावर वाट कुठे चुकली ते शिकाऊला त्या रेघेवर दिसे. अडचण, कृती, परिणाम, नोंद आणि नंतरची चर्चा: आजच्या सरावाची ही पाचही अंगं त्या टेबलावर हजर होती.

या अंगांचं मोल अपोलोच्या चंद्रमोहिमेत सिद्ध झालं. अपोलोचे सराव-कक्षही लिंक यांच्या नावाच्या कंपनीने बांधले होते. जुलै १९६९ च्या आरंभी, उड्डाणाला दोन आठवडेही उरले नसताना, सरावप्रमुख रिचर्ड कूस यांनी चंद्रावर उतरण्याच्या सरावात संगणकाचा एक अनपेक्षित इशारा घुसडला. मार्गदर्शनाची जबाबदारी सांभाळणारे स्टीव्ह बेल्स यांनी उतरणं रद्द करायला सांगितलं. नंतरच्या चर्चेत तो निर्णय चुकीचा ठरला. मग अशा प्रत्येक इशाऱ्याला काय करायचं याची यादी तयार झाली. २० जुलैला यान खरोखर उतरत असताना त्याच जातीचा इशारा आला. यादी हाताशी होती. बेल्स यांनी पुढे जायला सांगितलं आणि यान चंद्रावर टेकलं.

पुढे संगणकाने चित्र दिलं. डोक्यावर चढवायचा पडदा आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्येच दाखवला होता. आज सॉफ्टवेअरमध्ये भिंती, प्रकाश, सावल्या हुबेहूब उभ्या करता येतात, आणि सराव घडवणाऱ्यांचा बराच वेळ त्यातच जातो. पण दृश्य नसलेल्या पेटीने लाखो वैमानिक घडवले. म्हणून असे सराव रचणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: शिकणारा कुठे चुकू शकतो ते आधी ठरवा, त्या चुकीचा परिणाम त्याला भोगू द्या, आणि त्याची रेघ त्याला दाखवा. रंगकाम त्यानंतर.