टिकल्या लावलेला कीबोर्ड

बऱ्याच महिन्यांनी इथे लिहिते आहे. "बरी आहेस ना?" असं फोनवर विचारणाऱ्या सगळ्यांना एकदमच उत्तर देते. तब्येत ठणठणीत आहे, डोळे नाहीत. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही! अक्षर म्हणजे नेमकी मधली गोष्ट. म्हणून वाचन गेलं, आणि लिहिणंही जाणार असं वाटत होतं.

गेलं नाही. हा लेख मी ऐकून टाईप केला आहे. त्यासाठी नातवाच्या जुन्या लॅपटॉपवर काय काय उद्योग करावे लागले ते सांगणार आहे. पण इतिहास शिकवायची जन्माची खोड, त्यामुळे सुरुवात दोनशे वर्षं मागून.

आपल्याला वाटतं की टंकलेखन यंत्र आधी डोळसांसाठी आलं आणि मग कोणी दयाळू माणसाने ते अंधांसाठी बदललं. खरं तर यंत्राने लिहिण्याच्या सुरुवातीच्या खटपटींमध्ये अंधांची गरजच पुढे होती. इटलीत पेल्लेग्रिनो तुर्री नावाच्या गृहस्थाने कॅरोलिना फँटोनी या दृष्टी गेलेल्या सरदारकन्येसाठी लिहिण्याचं यंत्र केलं. यंत्र टिकलं नाही, पण तिने त्यावर लिहिलेली १८०८ पासूनची पत्रं टिकली. आपलं पत्र दुसऱ्याला सांगून लिहवून घ्यायचं म्हणजे मनातलं निम्मं गिळायचं. ते तिला नको होतं, एवढं मी आता स्वानुभवाने सांगू शकते. पुढे १८४१ च्या सुमारास पॅरिसमध्ये पिएर फूको या अंध कारागिराने लुई ब्रेलच्या टिंबांच्या कल्पनेवर दहा कळांचं यंत्र केलं. त्यातून डोळसांना वाचता येतील अशी टिंबांची अक्षरं उमटत. म्हणजे अंध मुलगा घरी आईला पत्र लिहू शकत होता. डेन्मार्कमधल्या मॉलिंग हॅन्सन यांचा 'लेखनगोल' तत्त्वज्ञ नीत्शेने १८८२ मध्ये विकत घेतला, तोही डोळे साथ देईनात म्हणूनच. १८९२ मध्ये अमेरिकेत इलिनॉयच्या अंधशाळेचे प्रमुख फ्रँक हॉल यांनी ब्रेल उमटवणारं यंत्र केलं.

आणि न बघता टाईप करणं? १८८८ च्या जुलैमध्ये सिनसिनाटी शहरात मॅकगरिन नावाच्या टंकलेखकाने कळांकडे न बघता दहाही बोटं वापरून एका बघून टाईप करणाऱ्याला जाहीर स्पर्धेत हरवलं. तेव्हापासून डोळसांनाही आंधळेपणाने टाईप करायला शिकवू लागले. टंकलेखनाच्या वर्गातल्या बाई कळांवर कापड टाकायच्या, ते आठवतं ना?

आता तुमच्या कीबोर्डवरच्या 'एफ' आणि 'जे' या कळांवरून बोट फिरवा. बारीक उंचवटे लागतील. दोन्ही तर्जन्यांचं ते घर. माझ्या आयुष्यात या दोन रेघांना इतकं महत्त्व येईल असं वाटलं नव्हतं. (ॲपलच्या जुन्या कीबोर्डवर ते 'डी' आणि 'के' वर, म्हणजे मधल्या बोटांखाली असत. सवयीचा प्रश्न.)

संगणक आल्यावर प्रश्न बदलला. लिहिता येत होतं, पण पडद्यावर काय उमटलं ते कोण सांगणार? म्हणून पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रीन रीडर आला. पण त्याला हुकूम द्यायला कळा हव्यात, आणि सगळ्या कळा तर लिहिण्यात अडकलेल्या. आयबीएममधल्या जिम थॅचर यांच्या १९८० च्या दशकातल्या स्क्रीन रीडरसोबत अठरा कळांची एक वेगळी पाटी जोडावी लागे. टेड हेंटर हा मोटरसायकलच्या शर्यतींत उतरणारा माणूस. १९७८ मध्ये अपघातात त्याची दृष्टी गेली. त्याच्या कंपनीचा 'जॉज' हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये आला, आणि विंडोजसाठीचा १९९५ मध्ये. त्याने कीबोर्डच्या उजवीकडची आकड्यांची पाटीच कामाला लावली. 'इन्सर्ट' ही कोणी फारशी न वापरणारी कळ हुकमाची कळ झाली. ती दाबून धरून दुसरी कळ दाबायची.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' नावाचा स्क्रीन रीडर सुरू केला, जेम्स टे हा त्याचा तसाच अंध मित्र सोबतीला. महागडे प्रोग्रॅम परवडत नाहीत त्यांना फुकट मिळावा, हा हेतू. मी वापरते तो हाच. त्यातही आकड्यांच्या पाटीची व्यवस्था सुरेख आहे. वरच्या ओळीतल्या सात-आठ-नऊने मागची, चालू आणि पुढची ओळ, त्याखाली चार-पाच-सहाने तसेच शब्द, आणि एक-दोन-तीनने अक्षरं. ओळ, शब्द, अक्षर. पहिलीला वाचन शिकवताना आम्ही हाच क्रम उलटा घेत असू.

पण लॅपटॉप! नातवाच्या लॅपटॉपला आकड्यांची पाटीच नाही. इन्सर्ट कुठेतरी कोपऱ्यात, दुसऱ्या कळेशी भाडं वाटून राहणारी. वरच्या एफवन-एफटूच्या ओळीत आवाज आणि उजेड घुसलेले. पडद्यावरून बातमी ऐकायला जावं तर उजेडच कमी व्हायचा, म्हणजे मला निदान तसं नंतर कोणी सांगायचं.

पहिली दुरुस्ती सोपी होती. एनव्हीडीएमध्ये लॅपटॉपसाठी वेगळी मांडणी आहे, आणि कॅप्स लॉकला हुकमाची कळ करता येतं. डाव्या करंगळीशेजारची एवढी मोठी कळ, मराठीत जिचा काही उपयोग नाही, ती शेवटी कामाला आली. खरोखरच कॅप्स लॉक हवा असेल तर पटकन दोनदा दाबायची. आता कॅप्स लॉक आणि 'एल' म्हणजे चालू ओळ, कॅप्स लॉक आणि 'ए' म्हणजे इथून पुढे सगळं वाच. वरचा एकचा आकडा जोडीला दाबला तर कुठलीही कळ फक्त आपलं नाव सांगते, करत काहीच नाही. दोन दिवस मी तेवढंच करत बसले होते. आणि कंट्रोल दाबला की बाई गप्प! पस्तीस वर्षं वर्गात मला अशी कळ मिळाली नाही.

दुसरी दुरुस्ती वरच्या ओळीची. ती ज्या पडद्यावर करायची तो विंडोजच्या आधी उघडतो, तिथे स्क्रीन रीडर बोलतच नाही. नातू शेजारी बसला म्हणून झालं. मुका पडदा आणि आंधळी म्हातारी, दोघांमध्ये दुभाषी दहावीतला! टचपॅड तर बंदच केला, तळवा लागला की कर्सर भलत्याच ओळीत जाऊन बसायचा.

तिसरी दुरुस्ती टिकल्यांची. माझ्याच पाकिटातल्या जाड, खड्याच्या टिकल्या डिलीट, एस्केप आणि खालच्या बाणाच्या कळांवर लावल्या. उन्हाळ्यात गोंद सुटतो. एकदा डिलीटची टिकली कंट्रोलवर जाऊन चिकटली आणि मी अर्धा परिच्छेद पुसला असं समजून रडायच्या बेताला आले होते. पुसलं काहीच नव्हतं.

खरी मेहनत मराठीची. पूर्वी मी इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवत असे, बराहा वापरून. ते ऐकत टाईप करताना गोंधळ व्हायचा, कारण 'ख'साठी दोन कळा आणि मध्ये भलतंच काहीतरी ऐकू यायचं. म्हणून बहात्तराव्या वर्षी इनस्क्रिप्ट शिकले. १९८० च्या दशकात सरकारी पुढाकाराने झालेली ही मांडणी म्हणजे आपली वर्णमालाच आहे. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. 'क'च्या कळेवर शिफ्टने 'ख', 'त'वर 'थ', 'प'वर 'फ'. म्हणजे पाठांतर निम्मं झालं. उंचवटे आले ते र आणि ऱ्हस्व वेलांटीखाली. आणखी एक गंमत. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर 'कि' लिहिताना वेलांटी आधी मारत, कारण ती आधी दिसते. इनस्क्रिप्टमध्ये आधी क, मग वेलांटी, म्हणजे उच्चाराप्रमाणे. न बघणाऱ्याला हेच सोयीचं.

हे सगळं शिकताना एक मुलगा सारखा आठवत राहिला. १९८० च्या आसपासची गोष्ट. वडील त्याला हाताला धरून आठवीच्या प्रवेशासाठी घेऊन आले होते. पूर्ण अंध, पाठांतर खणखणीत. मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "बाई, तुमच्या वर्गात घ्याल का?" मी म्हटलं, आपल्याकडे सोय नाही, शहरातल्या अंधशाळेत पाठवा. अशा मुलांना साध्या शाळेत शिकवण्याची केंद्र सरकारची योजना १९७४ पासून होती, हे मला माहीत नव्हतं. मी माहिती करूनही घेतली नाही. वर्गात साठ मुलं होती, हे कारण तेव्हा मला पुरेसं वाटलं. वडील नमस्कार करून गेले, मुलाने दाराच्या चौकटीवरून हात फिरवला. तो पुढे कुठे शिकला, शिकला की नाही, ठाऊक नाही. त्याचं आडनाव आणि गाव आठवतं. भाचीला शोधायला सांगितलं आहे. सापडला तर त्याला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

असो. एक विनंती. यंत्रातल्या बाई 'पिता' आणि 'पीता' जवळजवळ सारखंच वाचतात. फरक कळायला बाणाने एकेक अक्षर ऐकावं लागतं, आणि एवढ्या लांब लेखात तेवढा धीर मला राहिलेला नाही. ऱ्हस्वदीर्घाचे अर्धे अर्धे गुण कापलेले माझे विद्यार्थी इथे वाचत असतात, हे मला ठाऊक आहे. चुका सापडतील त्या खाली लिहा, मी ऐकेन.