ओर्व्हिएतो

ओर्व्हिएतो : मध्य इटलीतील अंब्रिया प्रांताचे एक जुने डोंगरी नगर. रोमच्या वायव्येस, रोम–फ्लॉरेन्स लोहमार्गावर. लोकसंख्या सुमारे 20,000. पाल्या नदीच्या खोऱ्यात ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ, पिवळसर टफ दगडाचा एक सपाट माथ्याचा कडा उभा आहे आणि जुने गाव सगळे त्या माथ्यावर वसले आहे. चारही बाजूंना ताशीव कडे असल्याने तटबंदीची गरज फारशी पडली नाही. या आसऱ्यासाठी मध्ययुगात पोप वारंवार येथे येऊन राहिले. गावाची कीर्ती, त्याची मंदिरे आणि त्याची एक विलक्षण विहीर, या सगळ्यांच्या मुळाशी ही कड्याची सोय आहे.

कड्यावरची पहिली मोठी वस्ती एट्रुस्कन लोकांची. त्यांच्या भाषेत नगराचे नाव वेल्झ्ना, रोमन लोकांच्या तोंडी व्होल्सिनी. इ. स. पू. 264 मध्ये रोमनांनी ते उद्ध्वस्त केले आणि उरलेल्या लोकांना बोल्सेना सरोवराच्या काठी नेऊन वसवले. लुटीत 2,000 ब्राँझ पुतळे रोमला गेले, असे प्लिनीने नोंदवले आहे. कड्याच्या पायथ्याशी क्रोचिफिस्सो देल तुफो येथे या लोकांचे दफनस्थान अजून आहे. दगडी खोल्यांच्या सरळ रांगा, मध्ये गल्ल्या आणि प्रत्येक दारावर मृताचे किंवा त्याच्या घराण्याचे नाव कोरलेले, अशी ती एखाद्या आळीसारखी रचना आहे. गावाच्या पोटात एट्रुस्कन काळापासून खोदत आलेल्या 1,000 हून अधिक गुहा, विहिरी आणि भुयारे आहेत. त्यांतल्या पुष्कळ गुहांच्या भिंतींना चौकोनी कोनाड्यांच्या ओळी दिसतात. ती पारव्यांची खुराडी. पारवे खाण्यासाठी पाळले जात.

जुन्या धर्माचे अवशेष नव्या धर्माने येथे निःसंकोच वापरले. सान लोरेंझो देल्यी अरारी या छोट्या चर्चमधली वेदी एका एट्रुस्कन बलिवेदीवर टेकलेली आहे. बारा बाजूंचा घंटामनोरा असलेल्या सांत आंद्रेआ चर्चच्या तळघरात एट्रुस्कन बांधकाम आणि आद्य ख्रिस्ती काळातली मोझेइकची फरशी, दोन्ही एकावर एक सापडली. सर्वांत बोलके उदाहरण सान दोमेनिको चर्चमध्ये आहे. 1282 मध्ये वारलेल्या कार्डिनल द ब्राय यांच्या समाधीवर आर्नोल्फो दि काम्बिओ याने सिंहासनस्थ मरियेची मूर्ती बसवली. जीर्णोद्धाराच्या वेळी लक्षात आले, की ही मूळची एक रोमन देवी. थोडी घडण बदलून ती मरिया झाली.

बाराव्या शतकापासून ओर्व्हिएतो स्वायत्त नगरराज्य म्हणून पुढे आले. पोपच्या बाजूचे मोनाल्देस्की आणि सम्राटाच्या बाजूचे फिलिप्पेस्की या दोन घराण्यांचे वैर गावाला पिढ्यान्‌पिढ्या पोखरत राहिले. दान्तेने आपल्या महाकाव्यात दोघांचीही नावे घेतली आहेत. 1313 मध्ये फिलिप्पेस्की हद्दपार झाले, पण शांतता आली नाही. जिंकलेले मोनाल्देस्कीच मग आपसात फुटले. 1354 मध्ये कार्डिनल आल्बोर्नोझ याने गाव पोपच्या सत्तेखाली आणले आणि कड्याच्या पूर्व टोकाला किल्ला बांधवला.

तेराव्या शतकाचा उत्तरार्ध हा ओर्व्हिएतोचा वैभवकाळ. थॉमस अ‍ॅक्वायनस 1261 ते 1265 या काळात येथील डोमिनिकन मठात शिकवत होता. 1281 मध्ये चौथ्या मार्टिनचा पोप म्हणून अभिषेक येथेच झाला आणि 1297 मध्ये आठव्या बोनिफेसने फ्रान्सचा राजा नववा लुई याला येथेच संतपद दिले. पण गावाच्या नावाशी कायमची जोडली गेली ती बोल्सेनाची कथा. 1263 मध्ये बोल्सेनाच्या सांता क्रिस्तिना चर्चमध्ये मिस्सा अर्पण करणाऱ्या, मनात शंका असलेल्या एका धर्मगुरूच्या हातातील होस्तियेतून (पवित्र भाकरीतून) रक्त ठिबकले आणि वेदीवरच्या वस्त्रावर डाग पडले, अशी श्रद्धा आहे. ते वस्त्र ओर्व्हिएतोला पोप चौथ्या अर्बनकडे आणले गेले आणि 11 ऑगस्ट 1264 रोजी त्याने ख्रिस्तशरीराचा सण सर्व चर्चसाठी जाहीर केला. हाच सण आज गोव्यात आणि वसईतही पाळला जातो. मात्र अर्बनच्या आज्ञापत्रात बोल्सेनाचा उल्लेखच नाही. तो पूर्वी लिएजमध्ये आर्चडीकन होता आणि संत ज्युलियानाच्या आग्रहावरून तेथे 1246 पासूनच हा सण सुरू झाला होता. चमत्कार आणि सण यांची सांधेजोड नंतरची दिसते. गावाच्या भक्तीला त्याने काही फरक पडलेला नाही.

कॅथीड्रलचा पाया 13 नोव्हेंबर 1290 रोजी पोप चौथ्या निकोलसच्या हस्ते घातला गेला. बाजूच्या भिंतींवर काळ्या बसाल्टचे आणि पांढऱ्या ट्रॅव्हर्टाइनचे आडवे पट्टे आहेत. बांधकाम डळमळते की काय अशी धास्ती वाटू लागल्यावर सिएनाचा लोरेंझो माइतानी याला बोलावण्यात आले. 1310 मध्ये तो मुख्य स्थपती झाला आणि 1330 मध्ये मरेपर्यंत त्याने कामाला वाहून घेतले. दर्शनी भागावरची सोनेरी मोझेइक लांबून डोळे दिपवतात, पण ती पुनःपुन्हा नव्याने केलेली आहेत. खरा ऐवज खाली, माणसाच्या नजरेच्या टप्प्यात आहे. दारांमधल्या चार रुंद खांबांवर उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतची कथा संगमरवरात कोरली आहे. पहिल्या खांबावर झोपलेल्या आदामावर वाकून देव त्याची फासळी काढतो. चौथ्यावर सैतानांच्या दोऱ्यांनी बांधलेले पापी तोंडे फाडून आक्रोश करताना दिसतात. ओर्कान्याच्या नावाने ओळखली जाणारी चक्राकार खिडकी त्यानंतरची. आतील एका चॅपेलमध्ये बोल्सेनाचे वस्त्र आहे. त्यासाठी सिएनाच्या उगोलिनो दि व्हिएरी याने 1337–38 मध्ये घडवलेली चांदीची, मिनाकाम केलेली मंजूषा खुद्द कॅथीड्रलच्या दर्शनी भागाच्या आकाराची आहे.

समोरच्या सान ब्रित्सिओ चॅपेलचे काम फ्रा आंजेलिकोने 1447 मध्ये हाती घेतले आणि छताचा थोडासा भाग रंगवून तो निघून गेला. अर्ध्या शतकानंतर, 1499 मध्ये, कोर्तोनाच्या लुका सिन्योरेल्लीला ते मिळाले. 1504 पर्यंत त्याने जगाच्या अंताची जी चित्रे काढली त्यांना त्या काळात तोड नव्हती. ‘ख्रिस्तविरोधकाचे प्रवचन’ या चित्रात चौथऱ्यावरचा माणूस दिसायला हुबेहूब ख्रिस्त. मागून सैतान त्याच्या कानाला लागला आहे आणि त्याचा हात वस्त्राखालून असा घुसला आहे, की तो कोणाचा हे चटकन कळत नाही. डाव्या कोपऱ्यात काळ्या वेशात स्वतः सिन्योरेल्ली उभा आहे. शेजारचा संन्यासी फ्रा आंजेलिको असल्याचे परंपरा सांगते. पुनरुत्थानाच्या भिंतीवर सांगाडे आणि नग्न देह सपाट पांढऱ्या भुईतून हातांवर रेटा देत वर येतात. मायकेलअँजेलोने येथून उचलले, असे व्हाझारीने लिहून ठेवले आहे.

1527 मध्ये सम्राटाच्या फौजांनी रोम लुटल्यावर पोप सातवा क्लेमेंट निसटून याच कड्यावर आला. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे वकील घटस्फोटाची मागणी घेऊन त्याला येथेच भेटले. वेढा पडला तर पाण्याचे काय, या चिंतेतून त्याने धाकट्या आंतोनिओ दा सांगाल्लो याच्याकडून सान पात्रित्सिओची विहीर खोदवून घेतली. ती 1537 मध्ये, तिसऱ्या पॉलच्या कारकिर्दीत पुरी झाली. सुमारे 53 मीटर खोल विवराभोवती 248 पायऱ्यांचे दोन गोल जिने एकमेकांना न मिळता फिरतात. पाणी भरणारी खेचरे एका जिन्याने उतरत, तळाच्या पुलावरून पलीकडे जात आणि दुसऱ्याने चढत. जिन्यांना प्रकाश विवराकडे उघडणाऱ्या 70 खिडक्यांतून मिळतो.

1860 मध्ये ओर्व्हिएतो नव्या इटालियन राज्यात आले. 1888 मध्ये स्टेशनापासून माथ्यापर्यंत पाण्याच्या वजनावर चालणारी दोररेल्वे सुरू झाली. 1990 पासून ती विजेवर चालते. जुन्या वास्तूंचे ‘शुद्ध’ मध्ययुगीन रूप परत आणण्याच्या त्या काळच्या हौसेपायी 1897 मध्ये कॅथीड्रलमधले बारा प्रेषितांचे नंतरच्या शतकांतले प्रचंड पुतळे बाहेर काढण्यात आले. ते 2019 मध्ये पुन्हा आपापल्या खांबांपाशी उभे करण्यात आले.