पोटापासून गळ्याच्या हाडापर्यंत : पेसमेकरच्या जागेचा इतिहास

हृदयाचे ठोके मंदावले किंवा वरच्या कप्प्यातून निघणारा विद्युतसंदेश खालच्या कप्प्यापर्यंत पोहोचेनासा झाला, म्हणजे ज्याला वैद्यक परिभाषेत ‘हार्ट ब्लॉक’ म्हणतात ती अवस्था आली, की ठरावीक अंतराने विजेचा सूक्ष्म झटका देऊन हृदयाला चालते ठेवणारे यंत्र शरीरात बसवले जाते. आज हा पेसमेकर बहुधा डाव्या छातीत, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या, म्हणजे जत्रुकाच्या, दोन-तीन बोटे खाली त्वचेआड असतो, आणि तो तिथेच असायचा हे इतके रूढ झाले आहे की हृदय डावीकडे असते म्हणून यंत्रही डावीकडे, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज इतिहासाला धरून नाही. यंत्राची जागा ठरवण्यात हृदयाच्या स्थानापेक्षा बॅटरीचा आकार, तारेचा मार्ग आणि रुग्णाचा कामाचा हात यांचाच वाटा फार मोठा होता.

सुरुवातीला तर यंत्र शरीरात ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. 1952 मध्ये बॉस्टनच्या पॉल झोल यांनी छातीच्या त्वचेवर विद्युतअग्रे लावून बंद पडू पाहणारे हृदय चालवून दाखवले. परंतु त्वचेतून हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी झटका इतका जोराचा द्यावा लागे, की शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तो असह्य होई. पुढे मिनेसोटा विद्यापीठातील शल्यविशारद वॉल्टन लिलेहाय यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी थेट हृदयाच्या स्नायूत तार टाकून ती छातीबाहेर काढण्याची पद्धत रूढ केली, आणि तेव्हाची यंत्रे भिंतीतील विजेवर चालत असल्याने 1957 मध्ये मिनियापोलिस शहराची वीज गेली तेव्हा रुग्णांवर ओढवलेला धोका पाहून अर्ल बॅकन यांनी बॅटरीवर चालणारा, अंगावर बाळगण्याजोगा पेसमेकर तयार केला. यंत्र हलके झाले, तरी त्वचेतून बाहेर येणारी तार आणि तिच्या वाटेने शिरणारा जंतुसंसर्ग या दोन गोष्टी कायम राहिल्या.

संपूर्ण यंत्र शरीराच्या आत ठेवण्याचा पहिला प्रयत्न 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोमजवळच्या करोलिन्स्का रुग्णालयात झाला. अभियंता रूने एल्मक्विस्त यांनी परिपथ आणि पुन्हा भारित करता येणाऱ्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या इपॉक्सी राळेत ओतून सुमारे 55 मिलिमीटर व्यासाची आणि 16 मिलिमीटर जाडीची चकती बनवली होती, आणि या ओतकामासाठी साचा म्हणून बूटपॉलिशची डबी वापरल्याचे प्रसिद्ध आहे. शल्यविशारद ओके सेनिंग यांनी रुग्ण आर्ने लार्सन यांची छाती उघडून तारा हृदयाच्या बाह्य पृष्ठभागावर शिवल्या आणि चकती पोटाच्या भिंतीत ठेवली. ते यंत्र काही तासांतच बंद पडले आणि राखीव यंत्र बसवावे लागले. लार्सन मात्र त्यानंतर अनेक पेसमेकर बदलत 2001 पर्यंत, म्हणजे आपल्या शल्यविशारदापेक्षाही अधिक काळ, जगले. पोटाची निवड सोयीची होती, कारण एवढी जाड वस्तू छातीच्या बरगड्यांवर ठेवली तर त्वचेवर ताण येऊन ती फाटण्याची भीती होती, उलट पोटाच्या स्नायूंमध्ये आणि चरबीत तिला सामावून घेण्याइतकी जागा होती. 1960 मध्ये अमेरिकेतील बफेलो येथे विल्यम चार्डॅक आणि विल्सन ग्रेटबॅच यांनी पारा-जस्ताच्या बॅटरीचा जो पेसमेकर बसवला, तोही पोटातच. आणि ही बॅटरी वायू बाहेर टाकत असल्याने यंत्र धातूच्या हवाबंद कवचात कोंडता येत नव्हते, ही आकाराइतकीच मोठी अडचण होती.

यंत्राला छातीकडे आणण्याचे श्रेय वास्तविक शिरेला द्यावे लागेल. 1958 मध्येच न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे रुग्णालयात सेमूर फर्मन यांनी छाती न उघडता हाताच्या शिरेतून एक तार सरकवत उजव्या जवनिकेपर्यंत, म्हणजे हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्यापर्यंत, नेली आणि आतून झटका दिला. आतून लागणारी वीज अत्यल्प असल्याने रुग्णाला वेदना होत नव्हती. अर्थात यंत्र शरीराबाहेरच होते आणि त्या रुग्णाला लांबलचक तारेच्या मर्यादेतच वावरावे लागले. 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात स्वीडनमध्ये आणि अमेरिकेत शिरेतून गेलेली तार व त्वचेआडचे यंत्र यांची जोडणी झाली. आता हृदयापर्यंत तार नेण्यासाठी बरगड्या कापण्याची गरज उरली नाही, परंतु तार मानेतल्या शिरेतून घातल्यास ती जत्रुकावरून वळवून खाली आणावी लागे, आणि हाडावरून ताणलेली तार कालांतराने तुटे किंवा वरची त्वचा झिजवून बाहेर डोकावे. त्यामुळे शल्यविशारदांनी खांद्याजवळ स्नायूंच्या खाचेत असणाऱ्या शिरेचा, सेफॅलिक शिरेचा, मार्ग पसंत केला. तिथे तार शिरते त्याच छेदातून यंत्रासाठी खिसा करता येत होता आणि हाडावरून जाणारा बोगदा टळत होता.

मात्र खिसा छातीत करता येण्याजोगे छोटे यंत्र येण्यास 1970 चे दशक उजाडले. ग्रेटबॅच यांनी पुरस्कार केलेली लिथियम-आयोडीन बॅटरी 1972 मध्ये इटलीत प्रथम रुग्णाच्या शरीरात बसवली गेली. ती वायू सोडत नसल्याने टायटॅनियमच्या कवचात पूर्ण बंद करता आली आणि पारा-जस्ताच्या बॅटरीपेक्षा कितीतरी अधिक वर्षे टिकली. त्यामुळे पेसमेकर चपटा, हलका आणि दीर्घायुषी झाला. जत्रुकाखालून थेट सुई घालून मोठी शीर गाठण्याची पद्धत 1979 च्या सुमारास फाडून काढता येणाऱ्या नळीच्या साहाय्याने सोपी झाली आणि हे काम शल्यविशारदांच्या हातून हळूहळू हृदयरोगतज्ज्ञांकडे आले. या सोयीची किंमतही मोजावी लागली, कारण जत्रुक आणि पहिली बरगडी यांच्या कात्रीत सापडलेली तार हाताच्या हालचालीबरोबर दाबली जाऊन काही वर्षांत मोडे. म्हणून पुढे छातीच्या पिंजऱ्याबाहेर, काखेकडच्या शिरेत सुई घालण्याचा आग्रह धरला गेला.

डावी की उजवी हा निर्णय याच टप्प्यावर कामाच्या हाताशी जोडला गेला. बहुसंख्य माणसे उजव्या हाताने काम करणारी असल्याने यंत्र डावीकडे ठेवले, की जखम भरेपर्यंतचे निर्बंध आणि पुढच्या आयुष्यातील ओझी उचलणे, कुऱ्हाड चालवणे किंवा चेंडू फेकणे यांचा ताण तारेवर कमी येतो. डावखुऱ्या माणसाला उजवी बाजू सुचवली जाते, बंदुकीचा दस्ता खांद्यावर टेकवणाऱ्याला विरुद्ध बाजू, ज्याच्या एका हातात डायलिसिससाठी शिरा-धमन्यांचा जोड केला आहे त्याला दुसरी बाजू आणि स्तनाच्या कर्करोगासाठी ज्या बाजूला किरणोपचार होणार तिच्या पलीकडची बाजू. शरीररचनेचाही आधार आहेच : डावीकडून जाणाऱ्या शिरा हृदयाकडे सौम्य वळणाने पोहोचतात, तर उजवीकडून वळण तीव्र पडते, पण दर हजारात साधारण तीन ते पाच माणसांत गर्भावस्थेतील डावी महाशीर टिकून राहते, आणि ती असलेल्या रुग्णात हेच डावे सौम्य वळण भलतेच अवघड ठरते. मोटारीचा पट्टासुद्धा विचारात घ्यावा लागतो, कारण भारतात चालक उजवीकडे बसत असल्याने त्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो आणि डावीकडचे यंत्र मोकळे राहते, तर शेजारच्या आसनावर बसणाऱ्याला तोच पट्टा नेमका डाव्या खांद्यावर पडतो. पेसमेकरविषयीच्या लेखनात या बाबींना दुय्यम मानले जाते. प्रत्यक्षात याच बाबी रुग्णाला दहा-बारा वर्षे सोसाव्या लागतात.

खिशाची खोलीही वादाची ठरली. त्वचेखालचा खिसा करायला सोपा आणि बॅटरी बदलताना उघडायला सोयीचा. परंतु कृश वृद्धांमध्ये यंत्राची कडा त्वचा झिजवू शकते, म्हणून स्नायूखाली खिसा करावा लागतो. व्रण कपड्याआड राहावा अशी इच्छा असलेल्या स्त्रियांसाठी स्तनाखालची जागाही वापरली गेली आहे. खिसा सैल राहिला तर काय होते याचे वर्णन कॅनडातील वैद्यांनी 1968 मध्ये नोंदवले : रुग्ण नकळत चाळा करत यंत्र गोल फिरवतो, तार त्याभोवती गुंडाळली जाते आणि हृदयातून निसटते. लहान मुलांत मात्र शिरा अरुंद असल्याने आणि वाढत्या शरीराबरोबर तार ताणली जात असल्याने हृदयाच्या पृष्ठभागावर तार शिवून यंत्र पोटात ठेवण्याची 1958 ची रीत अजूनही अनेकदा पाळली जाते.

हृदयानेच जागा ठरवली, असे एकच ठळक उदाहरण सांगता येते, आणि ते पेसमेकरचे नव्हे, तर घातक वेगाने धडधडणाऱ्या हृदयाला जोराचा झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरचे आहे. 1980 मध्ये मिशेल मिरॉव्स्की यांच्या प्रयत्नांतून तो प्रथम माणसात बसवला गेला तेव्हा अवजडपणामुळे पोटातच ठेवावा लागला. नंतर यंत्राचे कवचच एक विद्युतअग्र बनल्यावर विजेचा प्रवाह हृदयाच्या मोठ्या भागातून जावा यासाठी डावी छाती जवळपास अनिवार्य ठरली.

2016 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला तारविरहित पेसमेकर तर मांडीच्या शिरेतून थेट उजव्या जवनिकेत सोडला जातो. त्याला खिसाही नको आणि तारही नको. तरी छातीतले यंत्र मागे पडलेले नाही, कारण हृदयाच्या नैसर्गिक विद्युतमार्गालाच झटका देण्याच्या पद्धतीला, जिचा कायमस्वरूपी वापर प्रमोद देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये पेन्सिल्व्हेनियातून प्रसिद्ध केला, तार लागतेच. शिवाय त्वचेआडच्या जागेचा मरणोत्तरही उपयोग आहे. अग्निसंस्काराच्या उष्णतेत बॅटरी फुटत असल्याने दहनापूर्वी यंत्र काढणे आवश्यक असते, आणि त्यासाठी छातीवर एक लहानसा छेद पुरतो. अमेरिकेत मृतांच्या शरीरातून असे काढलेले पेसमेकर तिथे दुसऱ्या रुग्णाला बसवण्यास परवानगी नाही. ते निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात 53 गरजू रुग्णांना बसवण्यात आले, आणि संसर्ग किंवा यंत्र निकामी होण्याची गंभीर गुंतागुंत त्यांच्यात आढळली नसल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले.