तोंडवली–मुंबई : हवाई अंतर व प्रवासवेळ

तोंडवली हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील किनारी गाव. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला गड नदीची कालावल खाडी आणि मधल्या चिंचोळ्या वाळूपट्टीवर माडांखाली वस्ती. पट्टीचे दक्षिण टोक तळाशील. सर्वांत जवळचा विमानतळ वेंगुर्ले तालुक्यातील चिपी-परुळे येथे आहे.

चिपी ते मुंबई हे सरळ हवाई अंतर सुमारे ३५० किमी. हा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला आणि प्रादेशिक विमानसेवेच्या ‘उडान’ योजनेखाली अलायन्स एअरचे एटीआर-७२ हे पंख्याचे विमान मुंबईला ये-जा करू लागले. वेळापत्रकात १ तास २५ मिनिटे. ताशी ५०० किमीच्या आसपास वेग असलेल्या विमानाला ३५० किमीसाठी पाऊण तास पुरावा. उरलेला वेळ चढण्या-उतरण्यात, धावपट्टीपर्यंत सरकण्यात आणि मुंबईच्या गर्दीच्या आकाशात पाळी येण्यात जातो. योजनेची तीन वर्षांची मुदत सरल्यावर २०२४ मध्ये ही सेवा थांबली. त्याच वर्षी फ्लाय९१ ने चिपीहून बेंगळुरू, हैदराबाद आणि पुणे जोडले. म्हणजे काही काळ सिंधुदुर्गातून हैदराबादला थेट उडता येई, पण मुंबईला नाही.

चिपी–मुंबई विमान असले तरी तोंडवलीकराच्या हिशेबात विमानातला वेळ हा सर्वांत लहान आकडा. नकाशावर चिपी वीसेक किलोमीटरच्या आत दिसते, पण वाटेत कालावल खाडी, कोळंबची खाडी आणि मालवणच्या पुढे कर्ली नदी, त्यामुळे रस्त्याने तास-दीड तास सहज मोडतो. त्यात विमानतळावर आधी पोचण्याचा दीड तास धरा, शिवाय सांताक्रूझहून लालबाग किंवा विरारपर्यंतची रखडपट्टी. घरातून घरापर्यंत पाच-सहा तास होतात. मोपा विमानतळ (उद्‌घाटन ११ डिसेंबर २०२२) गोव्याच्या हद्दीत, तोंडवलीहून शंभरेक किलोमीटरवर. तिथून मुंबईची विमाने भरपूर, पण गाठायलाच अडीच-तीन तास लागतात.

रेल्वेसाठी जवळचे स्थानक कणकवली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली. जून २०२३ पासूनची वंदे भारत मुंबई–कणकवली अंतर सुमारे सहा तासांत तोडते. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग उतरतो आणि वेळ वाढतो. चाकरमानी तरी कोकणकन्या किंवा तुतारी या रात्रीच्या गाड्याच पसंत करतो: रात्री डोळा लागतो, रजेचा दिवस वाचतो, आणि तांदळाच्या पोत्याचे, आंब्याच्या पेटीचे वजन कोणी करत नाही. गणपतीत आरक्षण मिळाले तर.

रेल्वेच्या आधी मुंबईची वाट पाण्यावरून होती. मुंबई–पणजी मार्गावरच्या बोटी मालवण बंदराबाहेर नांगर टाकत, उतारू होडीतून किनाऱ्याला येत. पावसाळ्यात ही वाट बंदच असे.

तुलनेसाठी, मुंबई–दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किमी, उड्डाण सव्वातीन तासांच्या आत-बाहेर. आखातात नोकरीला असलेल्या मालवणी माणसाला दुबईहून मुंबई गाठायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ मुंबईहून तोंडवलीला लागतो. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. येताना तेवढा वेळ कागदावर आणखी गमावतो.