नवा घ्यावा, की जुनाच चालवावा?

शाळेतला लॅपटॉप सुरू व्हायला पाच मिनिटे लागतात. तोवर तासाची लय मोडते, मागच्या बाकांवर गप्पा रंगतात. शाळेकडे थोडे पैसे शिल्लक आहेत. मग नवा घ्यावा, जुनाच दुरुस्त करावा, की पुढच्या वर्षी आणखी चांगला मिळेल म्हणून थांबावे? शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला, की तीन मते पडतात आणि निर्णय लांबणीवर जातो. हा पेच उचलून नेता येणाऱ्या संगणकाइतकाच जुना आहे. म्हणून आपण थोडे मागे जाऊन पाहू.

एप्रिल १९८१ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या संगणक प्रदर्शनात ‘ऑस्बर्न-१’ हे यंत्र लोकांपुढे आले. त्याचा आराखडा ली फेल्सेनस्टाइन यांचा आणि कंपनी ॲडम ऑस्बर्न यांची. ऑस्बर्न यांचे बालपण तमिळनाडूत, तिरुवण्णामलैला गेले. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले तेही कोडाईकनालला. त्यांचा हा संगणक मिटला, की शिलाई मशीनच्या पेटीसारखा दिसे. वजन सुमारे ११ किलो. पडदा अवघा ५ इंचांचा, त्यावर एका ओळीत ५२ अक्षरे मावत. स्मृती ६४ किलोबाइट. आत बॅटरी नव्हती, म्हणजे जिथे न्याल तिथे विजेचे बटण शोधायचे! तरीही १,७९५ डॉलरमध्ये लेखनाचे आणि हिशेबाचे सॉफ्टवेअरही सोबत मिळे. लोकांनी तो भराभर घेतला.

१९८३ च्या सुरुवातीला कंपनीने पुढच्या यंत्राची, ‘एक्झिक्युटिव्ह’ची बातमी दिली. पडदा ७ इंचांचा, स्मृती जवळजवळ दुप्पट. झाले! ‘नवा येतोच आहे, मग जुना कशाला घ्यायचा?’ असे म्हणत गिऱ्हाइके थांबली. जुन्याची विक्री घसरली आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. व्यापाराच्या पुस्तकांत आजही याला ‘ऑस्बर्न परिणाम’ म्हणतात.

मात्र ही गोष्ट इतकी सरळ नाही. तोपर्यंत ९ इंची पडद्याचा ‘केप्रो’ बाजारात आला होता, आणि ‘कॉम्पॅक’च्या यंत्रावर आयबीएमच्या संगणकासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर चालत होते. कंपनी बुडाली त्यात या स्पर्धेचाही मोठा वाटा होता, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आमचे लक्ष वेधते ती दुसरीच बाब. ज्यांच्याकडे ऑस्बर्न-१ होता, त्यांच्या यंत्रात बातमीच्या दुसऱ्या दिवशी काय बदल झाला? काहीच नाही. पत्रे तशीच लिहिली जात होती, हिशेब तसेच जुळत होते. यंत्र जुने झाले ते फक्त मनात.

थांबण्याचे गणित

थांबणे नेहमीच चुकीचे असते का? १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातील काही तरुण खगोलशास्त्रज्ञांनी याचे गणित गमतीने, पण चोख मांडले. संगणकाचा वेग दर १८ महिन्यांनी दुप्पट होतो असे त्यांनी धरले. समजा, एका आकडेमोडीला आजच्या यंत्रावर ४० महिने लागणार आहेत. १८ महिने थांबून दुप्पट वेगाचे यंत्र घेतले, तर काम २० महिन्यांत होईल, एकूण ३८. म्हणजे थांबणारा आधी पोचला! पण काम १२ महिन्यांचे असेल, तर थांबणाऱ्याला १८ अधिक ६, म्हणजे २४ महिने लागतील. नेमके हिशेब केले तर सीमा सुमारे २६ महिन्यांवर येते. त्याहून लहान कामासाठी थांबण्यात तोटाच. हे कोष्टक नववी-दहावीच्या मुलांकडून सहज करून घेता येईल.

शाळेचे काम या सीमेच्या कोणत्या बाजूला पडते? आठवीची मुले दीड वर्ष थांबत नाहीत. ती पुढे निघून जातात. म्हणून ज्या कामाची आज अडचण आहे, त्यासाठी ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर महाग पडते. शिवाय साधारण २००५ पासून प्रोसेसरच्या ठोक्यांचा वेग पूर्वीसारखा वाढेनासा झाला. त्यामुळे थांबून मिळणारा फायदाही आता पूर्वीइतका नाही.

याचा अर्थ लगेच नवा घ्यावा असा मात्र नव्हे. नेमके काय अडते ते आधी पाहावे. सुरू व्हायला वेळ लागत असेल, तर अनेकदा दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवली, की तेच यंत्र चपळ होते. एकाच वेळी चार गोष्टी उघडल्यावर अडत असेल, तर रॅम वाढवता येते का ते पाहावे. बॅटरी टिकत नसेल, तर ती बदलावी. कधी यंत्र धडधाकट असते, पण सॉफ्टवेअरचा आधार सुटतो. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि बरीच जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांपैकी अनेकांवर लिनक्स चालू शकते. मुलांना भूमिती दाखवायला, प्रयोगाचे आलेख काढायला ते पुरेसे आहे.

घाई न करण्याला आणखी एक कारण आहे. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद त्यातल्या पाव हिश्शाचीही नाही.

आम्ही एक सुचवतो. लॅपटॉपशेजारी एक वही ठेवा. महिनाभर कोणते काम, किती वेळ आणि कशामुळे अडले ते लिहा. जमल्यास मुलांनाच लिहू द्या. महिन्याअखेर वही उघडून पाहा. दुरुस्तीने सुटणाऱ्या नोंदी एका बाजूला काढा, न सुटणाऱ्या दुसऱ्या. दुसरी बाजू जड झाली, तर निःशंकपणे नवा घ्या. आणि वहीची पाने कोरीच राहिली, तर जुने झाले होते ते यंत्र नव्हे, एवढे समजून घ्या.