इन्फ्लुएंझानंतरची फुप्फुसातील प्रतिकारशक्ती
फुप्फुसाच्या वायुकोशांत कायम वस्तीला असणाऱ्या महाभक्षी पेशी (मॅक्रोफेज) श्वासावाटे आलेली धूळ व जंतू गिळून टाकतात. त्यांचा मूळ साठा भ्रूणावस्थेतील पूर्वज पेशींपासून तयार होतो आणि पुढे बहुतांशी जागच्या जागी विभाजन होऊन टिकतो. तीव्र इन्फ्लुएंझात यांतील बऱ्याच पेशी मरू शकतात. रिकाम्या जागी अस्थिमज्जेतून रक्तावाटे आलेल्या मोनोसाइट पेशी रुजतात. या नवागत पेशी अधिक दाहकारक असतात. शिवाय, संसर्ग ओसरताना वाढलेले इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन महाभक्षींची जिवाणू गिळण्याची क्षमता दडपते, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. म्हणूनच ताप उतरल्यानंतरचे दिवसही जोखमीचे. १९१८ च्या महासाथीतील बहुसंख्य मृत्यू विषाणूच्या पाठोपाठ शिरलेल्या न्यूमोकॉकससारख्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने ओढवले. फ्लू बरा होत असताना ताप उलटला, तर डॉक्टरांना त्वरित दाखवावे.